सद्गुणी माणसाची अडचण

पाप्याचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्ती धर्माजवळ पहिल्यापासून तयार आहे. त्याने पश्चात्ताप करावा, क्षमा मागावी, आणि ती मिळते. येशूच्या दाखल्यातला बाप घर सोडून गेलेला उधळ्या मुलगा परत येताना दुरून दिसताच धावत सुटतो. अवघड प्रश्न आहे तो सद्गुणी माणसाचा. जो खोटे बोलत नाही, उसने घेतलेले वेळेवर परत करतो, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढतो, रविवारची उपासना चुकवत नाही आणि दशमांश मुकाट्याने पाकिटात घालून देतो, त्याला देवाजवळ मागण्यासारखे नेमके काय उरते?

लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात एक परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस, आणि एक जकातदार, म्हणजे लोकांच्या तिरस्काराचा धनी असलेला करवसुलीदार, मंदिरात प्रार्थनेला गेल्याचा दाखला आहे. परूशी उभा राहून सांगतो की, मी इतरांसारखा लुटारू, अधर्मी, व्यभिचारी नाही, या जकातदारासारखाही नाही. मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दहावा हिस्सा देतो. जकातदार दूर उभा असतो. वर पाहण्याचेही त्याला धाडस होत नाही. तो ऊर बडवून दयेची याचना करतो आणि तोच नीतिमान ठरून घरी जातो. हा उतारा वाचला जातो तेव्हा मंडळीतला प्रत्येक जण स्वतःला जकातदाराच्या बाजूला बसवून घेतो, आणि परूशी कोण हेही त्याला पुढच्या बाकावर स्पष्ट दिसत असते. मला या उताऱ्यात खुपते ते निराळे. परूशाच्या प्रार्थनेची सुरुवातच मुळी देवाचे आभार मानून होते. आपले चांगुलपण हे देवाचे देणे आहे, एवढे तर तो मान्य करतोच. धर्मशास्त्राच्या परीक्षेत त्याला या वाक्याचे पूर्ण गुण द्यावे लागतील. तेव्हा ‘सगळी देवाची कृपा’ असे म्हणणे ही काही या दुखण्यावरची मात्रा नव्हे. ते वाक्यसुद्धा माणूस छाती फुगवून म्हणू शकतो.

ख्रिस्ती परंपरेत या अडचणीचा पाठपुरावा सगळ्यात चिवटपणे केला तो ऑगस्टीनने. आजच्या अल्जीरियातल्या थागास्ते या गावी ३५४ साली जन्मलेला हा माणूस कार्थेज, रोम आणि मिलान येथे वक्तृत्वशास्त्र शिकवत असे. ३८७च्या ईस्टरला मिलानमध्ये बिशप अँब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे हिप्पो या बंदराच्या गावी तो बिशप म्हणून ४३०मध्ये मरेपर्यंत राहिला. बाप्तिस्म्यानंतर वर्षभरातच रोममध्ये लिहायला घेतलेल्या एका पुस्तकात त्याने सद्गुणाची जी व्याख्या केली, ती पुढच्या हजार वर्षांच्या विचाराला पुरली. संयम, धैर्य, न्याय आणि विवेक हे चार सद्गुण ग्रीक आणि रोमन तत्त्वज्ञांकडून त्याला आयते मिळाले होते. त्याने ते चारही ठेवले. मात्र चारही प्रीतीचेच प्रकार आहेत असे सांगितले. देवासाठी स्वतःला अखंड राखणारी प्रीती म्हणजे संयम. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यासाठी सगळे हसत सोसणारी प्रीती म्हणजे धैर्य. केवळ देवाची चाकरी करणारी, आणि म्हणूनच बाकी सगळ्यांशी नीट वागणारी प्रीती म्हणजे न्याय. देवाकडे जाताना काय उपयोगी पडते आणि काय आडवे येते हे ओळखणारी प्रीती म्हणजे विवेक.

या व्याख्येमुळे भक्ती ही सद्गुणांच्या यादीतली पाचवी बाब राहत नाही. प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे आणि शिवाय देवभोळाही आहे, अशी बेरीज इथे करता येत नाही. माणूस कशावर प्रेम करतो आणि कोणत्या क्रमाने करतो, यावरच त्याच्या प्रामाणिकपणाला आणि कष्टाळूपणाला रूप येते. उतारवयात लिहिलेल्या ‘सिटी ऑफ गॉड’मध्ये ऑगस्टीनने हेच आणखी थोडक्यात सांगितले: सद्गुण म्हणजे योग्य क्रम लागलेली प्रीती. पापही त्याच्या दृष्टीने प्रीतीचाच बिघडलेला क्रम होता. सोळाव्या वर्षी त्याने सोबत्यांबरोबर रात्री शेजारच्या मळ्यातली नासपतीची फळे चोरली. घरी त्याहून चांगली फळे होती, चोरलेली तर बहुतेक डुकरांपुढे टाकली. या क्षुल्लक चोरीवर तो कितीतरी पाने खर्च करतो, आणि शेवटी त्याच्या हाती लागते ते हे की, एकटा असतो तर आपण ती केली नसती. फळांचा मोह नव्हता, सोबतीचा होता. सोबत ही चांगलीच गोष्ट. ती नको तिथे वरच्या पायरीवर जाऊन बसली, एवढेच.

हे सगळे तत्त्व म्हणून वाचायला सुबक वाटते. ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या दहाव्या भागात मात्र ऑगस्टीन बिशप झाल्यानंतरची स्वतःची झडती घेतो, आणि तिथे सुबकपणा टिकत नाही. चर्चमधल्या गायनाचेच पाहा. बाप्तिस्म्याच्या काळात स्तोत्रे ऐकून आपण रडलो होतो हे त्याला आठवते, आणि आता त्याला शंका येते की आपल्याला हलवते ते गाणे की गाण्यातले वचन. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस वाचकाला स्तोत्र इतक्या थोड्या स्वरात म्हणायला लावी की ते गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळ जाई. तीच पद्धत बरी, असे त्याला क्षणभर वाटते. मग दुबळ्या मनांना सुरांचा आधार होतो म्हणून तो गायनाच्या बाजूने झुकतो, पण अर्थापेक्षा सूरच जास्त भिडला तर आपण पाप केले असे समजतो. पेटी-तबल्यावर भजन रंगले म्हणजे आमची उपासनाही रंगली, असे आम्ही सहज म्हणतो. सोळाशे वर्षांपूर्वीच्या या माणसाला त्या ‘रंगण्या’चा संशय होता. मला तो संशय थोडा जास्तच वाटतो. तरी भक्तीची गोडी आणि भक्ती या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्याने नेमके पकडले आहे.

पुढची झडती स्तुतीच्या लोभाची आहे, आणि ती मला सगळ्या पुस्तकात सर्वांत खरी वाटते. हंगामाच्या सणाला आमच्याकडे शेतकरी कुटुंबे ज्वारीची कणसे, ऊस, भोपळे, क्वचित पायाला दोरी बांधलेला कोंबडा असे काय काय वेदीपुढे आणून ठेवतात, आणि उपासना संपली की आवारात त्याचा लिलाव होतो. भोपळ्याची बाजारातली किंमत सगळ्यांना ठाऊक असते, पण बोली तिच्या कितीतरी पट वर चढते. घेणारा तोच भोपळा पुन्हा लिलावाला देतो आणि तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विकला जातो. प्रत्येक वेळी माईकवरून नाव पुकारले जाते. जमलेले पैसे छपराच्या दुरुस्तीला किंवा एखाद्या मुलाच्या फीला जातात, आणि ते खरोखरच जातात. पण बोली वाढवणारा हात वर करण्याआधी डोळे कोणाकडे वळतात, हे पाहण्यासारखे असते. चर्चमधल्या पंख्यांच्या पात्यांवरही दात्यांची नावे रंगवलेली आहेत. पंखा फिरत असताना ती वाचता येत नाहीत, त्यामुळे त्या दानशूरांचा खरा हंगाम म्हणजे डिसेंबर-जानेवारी. मी हे हसण्यावारी नेत असले, तरी ती दाने खोटी होती असे मी कधीच म्हणणार नाही. प्रीती आणि नावाची हौस एकाच पावतीवर सही करतात, आणि दोन्ही सह्या एकाच हस्ताक्षरात असतात.

ऑगस्टीनची अडचण हीच आहे. पैशाचा मोह सुटला की नाही हे पैसा सोडून पाहता येते. शरीरसुखाचेही तसेच. पण स्तुतीवाचून आपण राहू शकतो का, हे कसे पाहायचे? त्यासाठी वाईट वागायला लागायचे का, म्हणजे कोणी स्तुती करणार नाही? चांगल्या वागण्याच्या मागे स्तुती येणारच. एक टाकून दुसरे ठेवता येत नाही. आणि जो माणूस ‘मला मोठेपणाची हौस नाही’ असे म्हणतो, तो त्या हौस नसण्याचाच मोठेपणा मिरवतो. यावर तो तोडगा देत नाही. आपल्या मनाचा एवढा थांग आपल्याला लागत नाही, तुला लागतो, असे तो देवाला सांगतो. ते सबंध पुस्तक देवाला ‘तू’ म्हणून लिहिलेले आहे, ही केवळ शैली नव्हे. लूक म्हणतो की परूशाने आपली प्रार्थना स्वतःशीच केली. ऐकणारा तोच, दाद देणारा तोच. ऑगस्टीनने आपल्या सद्गुणांचा हिशेब स्वतःपुढे मांडायचे टाळले, कारण त्या दरबारात आपण नेहमीच सुटणार हे त्याला माहीत होते.

याच पुस्तकातले एक वाक्य पुढे वादाचे कारण झाले. ‘तू जे आज्ञापितोस ते दे, आणि तुला हवे ते आज्ञाप’ असे ऑगस्टीनने देवाला म्हटले होते, आणि रोममध्ये कोणा बिशपाच्या तोंडून ते ऐकताच पेलेजियस भडकला. पेलेजियस ब्रिटनमधून रोमला आलेला तपस्वी होता, आणि त्याचे नाव पुढे पाखंडी म्हणूनच घेतले गेले. पण त्याचा राग समजण्यासारखा आहे. ख्रिस्ती होणे हे प्रतिष्ठेचे झालेल्या त्या शहरात तो लोकांना सांगत होता की, देव अशक्य आज्ञा देत नाही, तेव्हा सबबी सांगू नका आणि वागून दाखवा. ‘देवाच्या मनात येईल तेव्हा माझी दारू सुटेल’ असे म्हणणारी माणसे ज्याने पाहिली आहेत, त्याला पेलेजियसचे म्हणणे पटकन पटते. मलाही निम्म्या वाटेपर्यंत पटते.

निम्म्या वाटेनंतर काय होते, ते एका घराण्याच्या पत्रव्यवहारात दिसते. ४१०मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटल्यावर अनिकी घराण्यातल्या तीन पिढ्यांच्या स्त्रिया आफ्रिकेत आल्या: आजी प्रोबा, आई युलियाना आणि मुलगी डिमेट्रियास. ४१३च्या सुमारास डिमेट्रियासने ठरलेले लग्न मोडून आजन्म कौमार्याचे व्रत घेतले. रोममधल्या सर्वांत श्रीमंत घराण्यांपैकी एकातल्या मुलीने असे करणे ही मोठीच बातमी होती, आणि त्या काळच्या नामवंतांची पत्रे तिच्याकडे धावली. बेथलेहेमहून बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याने लिहिले. पेलेजियसनेही लिहिले, आणि त्याच्या लांबलचक पत्रात असा विचार आला की, कुळ आणि संपत्ती तुला घरच्यांकडून मिळाली, पण आत्म्याची संपत्ती तुझ्यावाचून तुला कोणीही देऊ शकत नाही. ती तुझ्याचपासून आली आहे. ऑगस्टीन आणि त्याचा मित्र अलिपियस यांनी मुलीच्या आईला पत्र लिहून नेमक्या याच वाक्यावर बोट ठेवले. तुझ्यापाशी असे काय आहे जे तुला मिळालेले नाही, हा प्रेषित पौलाचा करिंथकरांना विचारलेला प्रश्न त्यांनी पुढे केला. मुलीच्या व्रताविषयी त्यांना काळजी नव्हती, ते ती निभावणारच होती. काळजी होती ती निभावल्यानंतर ती काय होईल याची. ४१८मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलेजियसची मते अमान्य ठरवली आणि वाद, निदान कागदोपत्री, निकाली निघाला.

मात्र ऑगस्टीनचा हा विचार ज्या ठिकाणी मला पुढे जाऊ देत नाही ते ठिकाण ‘सिटी ऑफ गॉड’च्या १९व्या भागात आहे. त्याच ग्रंथात आधी त्याने प्राचीन रोमनांची मनापासून प्रशंसा केली होती. शत्रूला दिलेला शब्द पाळण्यासाठी कार्थेजला परत जाऊन हालहाल होऊन मेलेला रोमन सेनापती रेग्युलस त्याला आदरणीय वाटतो. १९व्या भागात मात्र तो लिहितो की, देवाकडे न वळलेले सद्गुण, केवळ स्वतःसाठी बाळगलेले, हे सद्गुण नसून दुर्गुणच आहेत, कारण ते गर्वाने फुगलेले असतात. रोमच्या किंवा मिलानच्या ख्रिस्ती माणसाला हे वाक्य तर्काचा शेवट म्हणून पचत असेल. मराठी ख्रिस्ती माणसाला ते पचवताना घरातली माणसे आठवतात. आमच्या घराण्यात बाप्तिस्मा पणजोबांच्या पिढीत झाला. त्यांची आई अखेरपर्यंत पंढरीची वारी करत राहिली, आणि दुष्काळात तिने दारच्या कोणालाही रिकाम्या हाताने परत पाठवले नाही असे घरात सांगतात. ती गर्वाने फुगली होती असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कवी नारायण वामन टिळक १८९५मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो असे ते म्हणत. ज्या पुलावरून माणूस पलीकडे आला तो पूल कुजका होता असे म्हणणे हे टिळकांच्या भक्तीत बसत नव्हते, आणि त्यांची गीते गाणाऱ्या मंडळ्यांनाही ते बसवण्याची गरज नाही.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने ही गाठ बरीच सैल केली. प्रीतीवाचून परिपूर्ण सद्गुण नाही हे त्याने कायम ठेवले. पण एखाद्याने आपल्या नगराचे रक्षण करणे किंवा तत्सम खरे हित डोळ्यांपुढे ठेवले असेल, तर त्याचा सद्गुण अपुरा असला तरी खराच आहे, असे तो म्हणतो. अपुरा पण खरा, एवढ्या जागेत माझी पणजोबांची आई मावते. तिने याबद्दल थॉमसचे आभार मानले असते असे मात्र नाही.

प्रीतीच्या व्याख्येला आणखी एक धोका आहे, आणि तो ऑगस्टीनच्याच हातून घडला. ‘प्रीती कर, आणि मग तुला वाटेल ते कर’ हे त्याचे वाक्य हल्ली लग्नपत्रिकांवर शोभेल इतके गोड वाटते. योहानाच्या पहिल्या पत्रावरच्या प्रवचनात ते आले तेव्हा त्याच्या आधीचे उदाहरण असे होते: बाप मुलाला मारतो, आणि मुले पळवणारा त्याला कुरवाळतो. उत्तर आफ्रिकेत तेव्हा डोनेटस-पंथीयांचे वेगळे चर्च होते. त्यांच्यावर सक्ती करू नये, असे ऑगस्टीनचे सुरुवातीचे मत होते. पुढे बादशाही कायद्यांच्या धाकाने आपलेच गाव परत आलेले पाहून ते बदलले, आणि सक्ती हीही प्रीतीच असू शकते असे तो लिहू लागला. खुनाची कबुली दिलेल्या त्याच पंथाच्या माणसांना देहदंड देऊ नका, म्हणून मार्सेलिनस या अधिकाऱ्याला त्याने कळकळीचे पत्रही पाठवले, हे खरे. पण स्तुतीच्या लोभाचा एवढा बारीक तपास करणाऱ्या माणसाला आपल्या सक्तीतल्या प्रीतीचा तसा तपास करावासा वाटला नाही. स्वतःच्या हौसेवर शंका घेणे त्याला जमले. स्वतःच्या हेतूवर, तो देवासाठी आहे असे एकदा ठरल्यानंतर, शंका घेणे जमले नाही. पुढच्या शतकांत ती पत्रे ज्यांनी ज्यांनी आधाराला घेतली, त्यांच्यापाशी तर त्याची हळहळही नव्हती.

रोजच्या भक्तीविषयी तो जिथे बोलतो तिथे हाच माणूस कितीतरी मऊ होतो. डिमेट्रियासची आजी प्रोबा हिने प्रार्थना कशी करावी असे त्याला विचारले होते. त्याच्या उत्तरात तो इजिप्तमधल्या तपस्व्यांचा दाखला देतो: त्यांच्या प्रार्थना पुष्कळ असतात पण अगदी आखूड, बाण सोडावा तशा, म्हणजे लांबण लागून लक्ष बोथट होत नाही. देवाला आपली गरज ठाऊकच आहे, मग शब्द कशाला, याचेही उत्तर तो देतो. ठरावीक वेळी शब्द उच्चारल्याने आपली ओढ कुठवर आली आहे हे आपले आपल्याला कळते, आणि ती वाढवायला टोचणी मिळते. शब्द देवासाठी नसतात. प्रोबा ही विधवा, निर्वासित आणि तरीही अमाप श्रीमंत बाई होती; पहिली गोष्ट तो तिला सांगतो ती ही, की स्वतःला या जगात निराधार समज, मगच तुला मागता येईल.

थॉमसने भक्तीची व्याख्या करताना भावनेला जवळपास बाजूलाच ठेवले. देवाच्या सेवेत जे आहे त्याला तत्परतेने स्वतःला देऊन टाकण्याची इच्छा म्हणजे भक्ती. आनंद, अश्रू हे तिचे परिणाम. त्याच ठिकाणी एक आक्षेप येतो: भक्ती जर चिंतनातून उपजत असेल, तर विद्वानांपेक्षा साध्या माणसांत आणि स्त्रियांत ती जास्त का दिसते? (स्त्रियांची गणना त्याने कुठे केली आहे ते मी वाचते आणि पुढे जाते.) तो उत्तर देतो की, विद्या किंवा कोणतीही थोरवी माणसाला स्वतःवर विसंबायला शिकवते, म्हणून तो स्वतःला पुरता देवाच्या हवाली करत नाही, पण तीच विद्या किंवा दुसरी कोणतीही पूर्णता त्याने देवापुढे नमवली, तर तिच्यामुळेच त्याची भक्ती वाढते. दुसरी कोणतीही पूर्णता, असे तो म्हणतो, म्हणजे सद्गुणही त्यात आला. तो टाकून द्यायचा नाही, लपवायचाही नाही, आणि भोपळ्यावरची बोलीही मागे घ्यायची नाही. ती पूर्णता नमवायची कशी, हे थॉमस त्या कलमात सांगत नाही. ‘सुम्मा थिओलॉजिए’ या त्याच्या धर्मशास्त्रावरच्या ग्रंथात भक्तीच्या प्रश्नाला त्याने चार कलमे दिली आहेत, लगेच पुढचा प्रश्न प्रार्थनेचा आहे, आणि त्याला १७ लागली.